कपाटातली वही

आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट आहे. वरच्या खणात बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या, मधल्या खणात हिशेबाची पुस्तके आणि खालच्या खणात किरकोळ कागद. २०२४ च्या मे महिन्यापर्यंत या खालच्या खणात निळ्या पुठ्ठ्याची एक शंभरपानी वही असे. तिच्यावर आमच्या कारकुनाच्या सुबक अक्षरात 'घरपट्टी' एवढाच शब्द लिहिलेला होता. आजचे आमचे चार शब्द या वहीविषयी आहेत. ते लिहावयास आम्हांस संकोच वाटतो, आणि उशीरही झाला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

हैदराबादच्या विद्यानगर भागात व त्याच्या आसपास बरीच मराठी घरे आहेत. कोणी मराठवाडा या संस्थानात होता तेव्हापासूनचे, कोणी रेल्वेच्या वा विद्यापीठाच्या नोकरीनिमित्त आलेले. मुले शिकली, परगावी वा परदेशी गेली. घरांत राहिली वृद्ध माणसे. येथील महानगरपालिका वर्षाची घरपट्टी एप्रिलअखेर एकरकमी भरणाऱ्यास पाच टक्के सूट देत आली आहे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यास ही दोन-तीनशे रुपयांची सूट लहान वाटत नाही. त्यामुळे एप्रिल उजाडला की आमच्या कार्यालयापुढे काठ्या टेकीत येणाऱ्या मंडळींची रीघ लागे. "फादर, तेवढी पट्टी तुमच्या संगणकावर भरून द्या ना!"

आम्ही नाही म्हणालो नाही. का म्हणावे? पट्टी भरण्याच्या सोयीबाबत हे शहर देशात पुढारलेले आहे. १९९९ च्या डिसेंबरात येथे 'ट्विन्स' नावाचा प्रयोग सुरू झाला. पुढे २००१ मध्ये त्याचीच 'ई-सेवा' झाली. विजेचे बिल, पाण्याचे बिल, घरपट्टी हे सारे एकाच खिडकीवर भरता येऊ लागले, तेव्हा इतर प्रांतांतील अधिकारी ते पाहावयास येत. २०११ पासून 'मी-सेवा' आली. 'मी' म्हणजे तेलुगूत 'तुमची'. आम्हां मराठी माणसांस ते 'माझी' असे वाटते, आणि दोन्ही अर्थ शोभतात. पुढे तर खिडकीही नको झाली. घराचा क्रमांक घातला की पडद्यावर आकारणी दिसते आणि कार्डाने पैसे भरता येतात.

पहिल्या वर्षी प्रत्येक जण आपले कार्ड घेऊन आला. दुसऱ्या वर्षी एका आजोबांना जिना चढवेना, म्हणून कारकुनाने त्यांच्या कार्डाचे सोळा आकडे, मुदतीचा महिना व पाठीमागचे तीन आकडे वहीत टिपून घेतले. तिसऱ्या वर्षी अकरा जणांची पाने झाली. पैसे भरतेवेळी त्यांच्या मोबाईलवर ओटीपी येई. मग कारकून फोन करी, "आजी, आता आकडा आला असेल, तेवढा वाचून दाखवा," आणि आजी चष्मा शोधून तो वाचून दाखवीत. काम झाले की पावती छापून घरपोच जाई. आम्ही हे सर्व पाहत होतो. रविवारी वेदीवरून त्या कारकुनाच्या सेवाभावाचा एकदा गौरवाने उल्लेखही केल्याचे आम्हांस स्मरते.

आता बाईंची हकीकत. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. वय पंचाहत्तरीच्या पुढे, अंकगणितात अजूनही कोणाची चूक खपवून न घेणाऱ्या. २०२४ च्या एप्रिलअखेरीस त्यांना एक फोन आला. बोलणारा हिंदीत, मधूनमधून मराठी शब्द पेरीत बोलत होता. तुमची पट्टी भरली, परंतु सुटीची रक्कम जमा व्हावयाची राहिली आहे, असे त्याने सांगितले. घराचा पत्ता त्याने स्वतःच सांगितला. कार्डाचे सोळाही आकडे स्वतःच वाचून दाखविले. एवढे ज्याला ठाऊक तो चर्चच्या कार्यालयातलाच, असे बाईंस वाटले. त्याने फक्त मोबाईलवर आलेला आकडा विचारला. तीन वर्षांच्या सवयीने बाईंनी तो वाचून दाखविला. २४,९९९ रुपये गेले.

बाईंनी हे तीन दिवस कोणास सांगितले नाही. लाज वाटली, असे त्या नंतर म्हणाल्या. चौथ्या दिवशी शेजारच्या मुलीने त्यांच्याकडून १९३० या क्रमांकावर तक्रार करविली व त्यांना बँकेत नेले. तेथे त्यांना एकच प्रश्न विचारण्यात आला: कार्डाचे आकडे किंवा ओटीपी आपण कोणास दिला होता काय? बाई म्हणाल्या, "नाही."

त्यांचे हे खोटे बोलणे आम्हांस पुढच्या रविवारी कळले. मिस्सेनंतर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "फादर, तुमच्या वहीचे नाव मी घेतलेले नाही. तुम्ही काळजी करू नका."

आम्ही काळजीतून मुक्त झालो नाही, हे सांगावयास नकोच. ते आकडे आमच्या वहीतूनच गेले, असे आजतागायत सिद्ध झालेले नाही. वही कपाटात होती व कपाटास कुलूप होते. परंतु विचारपूस करता कारकुनाने रडवेल्या चेहऱ्याने सांगितले की, सोयीसाठी त्या पानांचे फोटो त्याने आपल्या मोबाईलमध्ये ठेवले होते आणि तो मोबाईल फेब्रुवारीत चार दिवस दुरुस्तीस होता. मुलगा प्रामाणिक आहे. आम्हांस त्याच्याविषयी शंका नाही. तथापि, आकडे आमच्याकडून गेले नाहीत, असेही आम्हांस शपथेवर सांगता येईना.

नियम काय आहे तो वाचकांस सांगितला पाहिजे, कारण सारा पेच त्यात आहे. २०१७ च्या जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढून ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचा पैसाही जावयाचा नाही. चूक बँकेचीही नाही व ग्राहकाचीही नाही, मधल्याच कोणाची आहे, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तरीही ग्राहकावर भार नाही. परंतु ग्राहकाने स्वतःच गुप्त आकडे दुसऱ्यास दिले असतील, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच. म्हणजे बाईंचे 'नाही' टिकले असते तर पैसे परत मिळण्याची आशा होती. खरे सांगितले की आशा संपली. आणि खरे सांगणे म्हणजे आमची वही सांगणे. बाईंनी आमचा मान राखला, आणि त्या असत्याचा फायदाही त्यांनाच होणार होता. अशा वेळी धर्मगुरूने काय करावे, हे सेमिनरीत आम्हांस उत्तम प्रकारे शिकविलेले आहे. तरी दोन रात्री आम्हांस नीट झोप आली नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही बाईंसह बँकेत गेलो आणि वहीची व ओटीपीची सर्व हकीकत सांगितली. तेथील अधिकारी तरुण बाई होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, लिहून घेतले आणि थोडा वेळ आमच्या झग्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "फादर, अशा वह्या फार ठिकाणी आहेत." पैसे परत मिळाले नाहीत.

विद्यानगरात दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचे रुग्णालय आहे. बँकेतून परतताना आम्ही त्याच्यावरून गेलो. दुर्गाबाईंचे यजमान चिंतामणराव देशमुख रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्याचे. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेले ते पहिले भारतीय. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले, हे जुन्या वाचकांच्या स्मरणात असेल. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी याच शहरात काढली आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी येथेच देह ठेवला. ज्या बँकेचा नियम आम्ही मोडला तिच्या या मराठी गव्हर्नरांची त्या दिवशी आठवण झाली, एवढेच. असो.

नियम मोडला असे म्हणतो, परंतु काटेकोरपणे पाहता तसेही नाही, आणि यातच खरे नवल आहे. कार्डाचे आकडे कोणी साठवावेत यावर रिझर्व्ह बँकेने गेल्या काही वर्षांत मोठा कटाक्ष ठेवला. पूर्वी एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावर एकदा कार्ड वापरले की ते आकडे तेथे जपून ठेवले जात, पुढच्या खेपेस पुन्हा लिहावयास नकोत म्हणून. मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी हे बंद करावयाचे ठरविले. व्यापाऱ्यांनी मुदती वाढवून मागितल्या, त्या तीन वेळा मिळाल्याही, आणि अखेर १ ऑक्टोबर २०२२ पासून बंदी अमलात आली. कार्ड देणारी बँक आणि कार्डांचे जाळे चालविणारी संस्था यांच्यावाचून कोणीही पूर्ण क्रमांक साठवावयाचा नाही. हिशेब जुळविण्यापुरते शेवटचे चार आकडे व बँकेचे नाव ठेवण्यास मुभा आहे.

मग संकेतस्थळाने ओळखावे कसे? त्यासाठी कार्डाच्या जागी एक वेगळाच आकडा दिला जातो. त्यास टोकन म्हणतात. हा शब्द आमच्या वडील वाचकांस नवा नाही. पूर्वी बँकेत धनादेश दिला की खिडकीवरचा गृहस्थ एक पितळी बिल्ला हाती देई. तो बिल्ला घेऊन बाकावर बसावयाचे आणि नंबर पुकारला की पैसे घ्यावयाचे. तो बिल्ला कोणी चोरून दुसऱ्या बँकेत नेला असता तर तेथे त्यास कोण विचारणार? हल्लीचे टोकनही त्याच जातीचे आहे. ते त्या एका कार्डाचे, त्या एका दुकानाशी बांधलेले असते. दुसरीकडे त्याचा उपयोग नाही. पाठीमागच्या तीन आकड्यांची तर गोष्टच निराळी. व्यवहार मंजूर झाल्यावर ते आकडे कोणत्याही व्यापाऱ्याने कोणत्याही रूपात ठेवावयाचे नाहीत, असा कार्डधंद्याचा जगभरचा दंडक आहे. आमच्या वहीत ते अकरा जणांचे, लाल शाईने अधोरेखित केलेले होते.

म्हणजे कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या दुकानास जे मना आहे ते आमच्या खालच्या खणात सुखाने नांदत होते. कायदा आम्हांस विचारील तर कसा? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची असे ठरविण्यात आले. माहिती सांभाळण्यात हयगय करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. परंतु हा कायदा संगणकावरील माहितीपुरता आहे; कागदावरच राहिलेल्या वहीस तो शिवत नाही. आणि एखाद्या व्यक्तीने निव्वळ खासगी वा घरगुती कामासाठी ठेवलेली माहितीही त्याच्या कक्षेबाहेर आहे. पुण्यातल्या पुतण्याने काकूंच्या कार्डाचा फोटो आपल्या मोबाईलमध्ये ठेवला, तर तो घरगुती मामला. कायदेमंडळाने हे योग्यच केले, घरोघरी शिपाई पाठवावयाचे नाहीत. तथापि, चोरास घरगुती व व्यापारी हा भेद नसतो.

माहितीचा बाजार केवढा आहे याचा एक दाखला याच शहराच्या परिसरातला आहे. १ एप्रिल २०२३ रोजी सायबराबाद पोलिसांनी एका माणसास अटक झाल्याचे जाहीर केले. त्याच्यापाशी २४ राज्यांतील सुमारे ६६.९ कोटी व्यक्तींची व संस्थांची माहिती विक्रीस ठेवलेली सापडली, असे पोलिसांनी सांगितले. त्याच्या आदल्याच महिन्यात दुसरी एक टोळी पकडली गेली होती. तिच्याकडचा आकडा १६.८ कोटींचा होता. एकाच माणसाचे नाव त्यांत अनेकदा आले असेल, आकडे फुगलेले असतील. तरीही बाईंना फोन करणाऱ्यास त्यांचा पत्ता आमच्याकडूनच मिळाला असला पाहिजे असे नाही, एवढे त्यावरून दिसते. आम्ही हे स्वतःच्या समाधानासाठी लिहीत नाही. पत्ता कोठूनही आला असेल. ओटीपी फोनवर वाचून दाखविण्याची सवय मात्र आम्हीच लावली होती.

करवसुली करणाऱ्या कचेरीचीच तिजोरी फुटल्याचे उदाहरण अमेरिकेत घडले. २०१२ साली साउथ कॅरोलायना राज्याच्या महसूल खात्यात एका कर्मचाऱ्याने आलेल्या फसव्या ईमेलमधील दुव्यावर बोट दाबले. त्यातून चोर आत शिरले व करदात्यांच्या नोंदी घेऊन गेले. ऑक्टोबरात सरकारने जाहीर केले की, सुमारे ३६ लक्ष सामाजिक सुरक्षा क्रमांक आणि ३ लक्ष ८७ हजार कार्डांचे क्रमांक उघडे पडले आहेत. कार्डांपैकी सुमारे १६ हजार सोडल्यास बाकीचे सांकेतिक रूपात होते, म्हणून वाचावयास कठीण. सामाजिक सुरक्षा क्रमांक मात्र साध्या आकड्यांत होते. कार्ड बदलून मिळते. तो क्रमांक तेथील माणसास सहसा जन्मभर बदलून मिळत नाही. जे जन्मभराचे तेच उघड्यावर ठेवलेले होते.

या उदाहरणात आम्हांस एक गोष्ट विशेष बोचते. दुकानदाराने विश्वास घालविला तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. करखात्याच्या बाबतीत दुसरे खाते कोठून आणावयाचे? पट्टी भरणे ऐच्छिक नाही, आणि भरावयाची तर माहिती देणेही ऐच्छिक नाही. म्हणून कर घेणाऱ्याने जेवढ्यावाचून अडेल तेवढेच मागावे व काम झाल्यावर ते जवळ बाळगू नये, ही अपेक्षा व्यापाऱ्यापेक्षा सरकारकडून अधिक केली पाहिजे. आमच्या कायद्यात नेमकी येथेच शिथिलता आहे. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी केंद्र सरकार अधिसूचना काढील त्या शासकीय संस्थेस हा कायदा लागू राहत नाही. ज्यांच्या समितीने २०१८ मध्ये पहिला मसुदा सादर केला त्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी पुढील वर्षीच्या विधेयकातील अशाच मोकळिकीवर उघड टीका केली होती.

हा प्रश्न न्यायालयापुढे नेणारे न्यायमूर्ती पुट्टस्वामी हे कर्नाटकचे निवृत्त न्यायाधीश. त्यांनी २०१२ मध्ये आधारविरुद्ध अर्ज केला तेव्हा त्यांचे वय शहाऐंशीच्या घरात होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्याच वडिलांचा, यशवंतराव चंद्रचूड यांचा, १९७६ च्या आणीबाणीतील निर्णय चुकीचा ठरविला. वडिलांचा निर्णय चूक म्हणावयाचा आणि तेही लेखी. आम्ही तो भाग वाचला तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. परंतु आमच्या विषयापुरते पुट्टस्वामींचे वय आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. म्हातारपणी माणसास खासगीपणाचे काय, असे आपण सहज म्हणून जातो. आमची वही त्याच समजुतीतून जन्मली होती.

वहीचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. बँकेतून परतल्यावर आम्ही अकरा जणांच्या घरी गेलो, प्रत्येकास झाला प्रकार सांगितला आणि कार्ड बदलून घेण्याची विनंती केली. मग कारकुनाने मोबाईलमधील फोटो आमच्यासमक्ष पुसले व आम्ही वहीची पाने मागल्या अंगणात जाळली. अकरांपैकी चौघे आमच्यावर रागावले. त्यांचा राग वहीबद्दल नव्हता, ती जाळल्याबद्दल होता. "फादर, आता आमची पट्टी कोण भरणार?" एक आजोबा तर म्हणाले की, चोराचे भय वर्षातून एकदा, जिन्याचे भय रोजचे. त्यांना आमच्यापाशी चांगलेसे उत्तर नव्हते, आजही नाही.

तोडगे काढले ते असे. घरपट्टी दुसऱ्याने भरली तरी चालते. घराचा क्रमांक पुरतो, मालकाचे कार्ड लागत नाही. म्हणून तीन आजोबांची पट्टी आता त्यांचे मुलगेच आपापल्या गावाहून आपल्या खात्यातून भरतात. मुलांना तसे सुचविण्याचा भिडस्तपणा इतकी वर्षे कोणी सोडला नव्हता, आम्हीही नाही. दोघी बहिणी धनादेश लिहून देतात व युवक मंडळातील एक मुलगा तो मी-सेवा केंद्रावर नेऊन पावती आणतो. ज्यांना कार्डच हवे त्यांना कारकून बँकेत घेऊन गेला आणि त्या कार्डावरील परदेशी व्यवहार बंद करून व दिवसाची मर्यादा लहान करून आणली; २०२० पासून बँकांना ही सोय द्यावीच लागते. परदेशातील कित्येक संकेतस्थळे ओटीपी मागतच नाहीत, हे पुष्कळांस ठाऊक नसते, म्हणून लिहिले.

बाईंच्या २४,९९९ रुपयांचा प्रश्न उरला होता. ते आम्ही आमच्या मानधनातून द्यावयाचे ठरविले व पाकीट घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाईंनी पाकीट उघडून नोटा मोजल्या, बरोबर निम्म्या काढून टेबलावर ठेवल्या आणि बाकीच्या परत केल्या. उरलेल्या एका रुपयाची वाटणी कशी करावी याचा त्यांनी थोडा विचार केला आणि तो आमच्याकडे लावला.

"वही तुम्ही ठेवलीत, फादर," त्या म्हणाल्या. "पण आकडा मी वाचून दाखवला. शाळेत असते तर दोघांनाही बाकावर उभे केले असते."

२०२५ च्या एप्रिलात बाई स्वतः कार्यालयात आल्या. नवे कार्ड रुमालात गुंडाळलेले होते व हाती भिंग होते. कारकुनाने पडदा त्यांच्यापुढे केला आणि तो उठून बाहेर गेला. आम्ही खिडकीकडे तोंड करून उभे राहिलो. कळफलकावर एकेक बोट पडत होते; मध्येच बराच वेळ काही ऐकू येईना, तेव्हा मदतीस वळावे असे आम्हांस वाटले.

"वळू नका, फादर," बाई म्हणाल्या. "अजून तीन आकडे राहिले आहेत."